शेतातला स्फुरद (फॉस्फरस) ओढ्यात जातो कसा आणि अडवायचा कुठे?

पाणवठा
नमस्कार मंडळी. ओढ्याचं, तळ्याचं पाणी हिरवं झालं, मासे तरंगायला लागले की चर्चेत दोनच गोष्टी ऐकू येतात. एकजण म्हणतो शेतकरी खत फार टाकतात, दुसरा म्हणतो खत काय फुकट मिळतं का, कोण कशाला वाहून जाऊ देईल. दोघंही मनापासून बोलत असतात आणि दोघांनाही एकमेकांचं पटत नाही, कारण मधला हिशोब कुणी मांडतच नाही. तो मांडावा म्हणून हा धागा.

डीएपी या खताची ५० किलोची गोणी घ्या. त्यावर स्फुरद ४६ टक्के लिहिलेलं असतं, पण ते ऑक्साइडच्या हिशोबात. मूळ स्फुरद त्यात साधारण १० किलो. आता समजा एका हेक्टरातून वर्षभरात १ किलो स्फुरद पाण्याबरोबर गेला. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे म्हणजे गोणीचा दहावा हिस्सा. उत्पन्नात दिसणार नाही, पिकाच्या रंगात दिसणार नाही, आणि माती परीक्षणात तर मुळीच दिसणार नाही, कारण वरच्या वीस सेंटीमीटर मातीत हेक्टरी हजार-बाराशे किलो स्फुरद आधीच असतो.

आता हाच १ किलो पाण्याच्या बाजूने बघा. वाहत्या ओढ्यात लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या वर स्फुरद नसावा असा एक बराच वापरला जाणारा निकष आहे, तळ्यांसाठी तर त्याहून कितीतरी कडक. म्हणजे १ किलो स्फुरद १ कोटी लिटर पाणी त्या काठावर आणून ठेवतो. पण एका हेक्टरावरून १०० मिलिमीटर पाणी वाहून गेलं तरी ते होतं १० लाख लिटर. म्हणजे शेताच्या टोकाला निकषाच्या दहापट!

तर माझं म्हणणं असं की "तुमचं खत वाया जातंय, पैसे वाया जातायत" हे शेतकऱ्याला सांगण्यात फार अर्थ नाही. त्याचं नुकसान खरंच किरकोळ आहे. नुकसान खाली राहणाऱ्यांचं आणि पाण्याचं आहे, आणि ते तसंच सरळ सांगायला पाहिजे. खोटं कारण दिलं की माणूस पुढचं खरं पण ऐकत नाही.

तिफण
हिशोब आवडला, पण एक शंका. आम्ही लहानपणापासून ऐकतोय की नत्र (नायट्रोजन) वाहून जातं आणि स्फुरद जागचा हलत नाही, म्हणून तर तो पेरणीबरोबर बियाण्याच्या खाली द्यायचा, कारण मुळापर्यंत आपल्या पायाने जात नाही तो. मग जो मातीत दोन बोटं सरकत नाही तो ओढ्यापर्यंत कसा काय पोचतो?

काळी_माती
@तिफण, तुमचं बरोबर आहे आणि तरीही तो पोचतो. दोन वाटा आहेत, आणि त्या वेगवेगळ्या समजून घेतल्याशिवाय पुढची चर्चा भरकटते.

पहिली वाट मातीबरोबर. स्फुरद लोह, ॲल्युमिनियम, चुना यांना घट्ट धरून बसतो, आणि जास्त करून बारीक चिकणकणांवर बसतो. तो हलत नाही, पण ज्या कणावर बसलाय तो कण हलतो. पाऊस जोरात आला की थेंबाच्या माऱ्याने ढेकूळ फुटतं, जाड रेती तिथेच राहते, गढूळ पाण्यातून नेमके बारीक कण लांब जातात. म्हणून वाहून गेलेल्या गाळात शेतातल्या मातीपेक्षा स्फुरदाचं प्रमाण जास्त सापडतं. आणि यासाठी मोठी घळ पडायला लागत नाही. हेक्टरी २ टन माती गेली तर ती पूर्ण शेतावर मिळून मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढीही जाडी भरत नाही, डोळ्याला काही कळणार नाही, पण टनामागे अर्धा किलो धरला तरी झाला की तो वरचा १ किलो.

दुसरी वाट विरघळलेल्या स्फुरदाची, आणि ही जास्त चिवट. मातीची धरून ठेवायची ताकद अमर्याद नसते. वर्षानुवर्षं पिकाने उचलला त्यापेक्षा जास्त दिलेला असला की त्या जागा भरत जातात आणि मग वरून जाणारं पाणी जाता जाता थोडा थोडा सोडवून नेतं. पाण्याचा आणि मातीचा खरा संबंध वरच्या दोन-चार सेंटीमीटरचाच असतो, त्यामुळे खाली किती आहे याला पाणी विचारत नाही, वरच्या पापुद्र्यात किती आहे ते महत्त्वाचं. त्यात खत वर फेकून दिलेलं असेल आणि दुसऱ्या दिवशी धो धो पाऊस आला तर त्या एका पावसात वर्षभराच्या नुकसानीतला मोठा वाटा निघून जाऊ शकतो.

आणि फरक असा की मातीला चिकटलेला स्फुरद शेवाळाला लगेच सगळा मिळत नाही, विरघळलेला मात्र तयार ताटासारखा मिळतो. पाणी स्वच्छ दिसतंय म्हणजे स्फुरद नाही असं समजू नका. गढूळपणा ही फक्त पहिल्या वाटेची खूण आहे.

तिफण
हे पटलं. पण मग सांडपाण्याचं काय? शहरांची गटारं, कपड्यांचे साबण, कारखाने हे सगळं त्याच पाण्यात येतं. हिरवं पाणी दिसलं की बोट शेताकडे. मला हे अन्यायाचं वाटतं आणि मी ते स्पष्ट बोलतो.

पाणवठा
स्पष्ट बोललात ते चांगलंच केलंत. जिथे सांडपाणी प्रक्रिया न करता सुटतं तिथे पहिला वाटा त्याचाच असू शकतो, आणि ते थांबवणं तुलनेने सोपंही असतं कारण नळी कुठून येते ते दिसतं. शेताला नळी नसते.

पण एरी सरोवराची गोष्ट बघा, अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरचं. साठच्या दशकात त्याची अवस्था इतकी वाईट होती की लोक ते मेलेलं सरोवर म्हणायचे. १९७२ मध्ये दोन्ही देशांनी करार केला, सांडपाण्यातला स्फुरद काढायला सुरुवात झाली, साबणातले फॉस्फेट कमी केले, पुढे वर्षाला ११,००० टन अशी एकूण मर्यादा ठरली आणि ऐंशीच्या दशकात ती गाठलीसुद्धा. पाणी सुधारलं, लोक परत यायला लागले. म्हणजे तुमचं म्हणणं तिथे अक्षरशः खरं ठरलं, गटार सुधारलं आणि सरोवर सुधारलं.

मग नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून शेवाळ परत यायला लागलं. सांडपाणी काही पुन्हा बिघडलं नव्हतं. मॉमी नावाची नदी शेतीच्या सपाट प्रदेशातून येऊन एरीच्या पश्चिम टोकाला मिळते, त्या नदीत विरघळलेला स्फुरद वाढत गेला. एकूण स्फुरद फारसा नाही, विरघळलेला! म्हणजे काळी_माती यांनी सांगितलेली दुसरी वाट. ऑगस्ट २०१४ मध्ये टोलेडो शहरात ४ लाखांहून जास्त लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं, कारण निळ्या-हिरव्या शेवाळाचं मायक्रोसिस्टिन नावाचं विष शुद्धीकरण केंद्रातून पुढे आलं होतं. आणि हे विष उकळून जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. ज्यांच्या घरी तान्ही मुलं होती त्यांचे ते दोन-तीन दिवस कसे गेले असतील याचा विचार करा.

२०१६ मध्ये दोन्ही देशांनी २००८ च्या तुलनेत ४० टक्के कपातीचं उद्दिष्ट ठरवलं. अजून झगडणं चालूच आहे. म्हणून म्हणतो, गटार आधी सुधारा हे शंभर टक्के मान्य, पण ते सुधारल्यावर शेताचा प्रश्न तसाच समोर उभा राहतो.

निरीक्षक२
मधेच विचारतो, माफ करा. शेवाळाला नत्र पण लागतं ना? मग सगळे स्फुरदाच्याच मागे का लागलेत, दोन्ही कमी करायला नको?

मुळाक्षर
यावर फार सुंदर प्रयोग झालाय. कॅनडातल्या ऑन्टारियोत काही छोटी तळी खास प्रयोगासाठी राखून ठेवलेली आहेत. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये त्यातल्या २२६ नंबरच्या तळ्याच्या अरुंद कमरेत आडवा प्लॅस्टिकचा पडदा लावला आणि तळ्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन आणि नत्र घातलं, एकाच भागात वरून स्फुरदही घातला. स्फुरदाचा भाग गर्द हिरवा झाला, पडद्यापलीकडचा होता तसाच राहिला. विमानातून काढलेला तो फोटो पाहिला की वाद संपतो. त्या काळात कार्बन की स्फुरद हा वाद जोरात होता, साबण कंपन्यांना त्यात रस होता, आणि हा फोटो धोरण ठरवणाऱ्यांपुढे गेला.

कारण असं की काही निळी-हिरवी शेवाळं हवेतलं नत्र स्वतः ओढून घेतात, स्फुरद हवेतून येत नाही, तो कुठूनतरी वाहूनच यावा लागतो. आणि लागतो अगदी थोडा. शेवाळाच्या घडणीत एका स्फुरदाच्या अणूमागे १६ नत्राचे आणि १०६ कार्बनचे अणू असं साधारण प्रमाण धरतात, त्या हिशोबाने १ किलो स्फुरदावर शंभर किलोच्या वर वाळलेलं शेवाळ तयार होऊ शकतं, ओलं तर कितीतरी जास्त. ते मरून तळाशी कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतं, मासे त्याने मरतात.

समुद्राजवळ मात्र नत्राचं महत्त्व खूप वाढतं, तिथे दोन्ही सांभाळायला लागतं. गोड्या पाण्याच्या तळ्यात आधी स्फुरद.

तिफण
आता माझी खरी अडचण. आम्हाला सांगितलं नांगरट बंद करा, धूप थांबेल. केली. पालापाचोळा वर ठेवा, ठेवला. माती खरंच कमी जाते, पाणी बऱ्यापैकी नितळ निघतं. आणि आता इथे वाचतोय की विरघळलेला स्फुरद जास्त वाईट आणि तो वरच्या पापुद्र्यात साठतो. न नांगरता खत वर फेकलं तर ते वरच राहणार हे उघड आहे. मग करायचं काय, परत नांगर घालायचा का? तुम्ही जाणकार लोक एकदा ठरवा.

काळी_माती
@तिफण, राग समजू शकतो आणि प्रश्न अगदी मर्मावर आहे. मॉमीच्या खोऱ्यात यावरच सगळ्यात जास्त वाद झालाय. नांगरट कमी केल्याने धूप कमी झाली आणि त्याच काळात विरघळलेला स्फुरद वाढला. पण त्याच काळात खत फेकून द्यायची पद्धतही पसरली, जमिनीखालच्या निचरा नळ्या वाढल्या, पावसाचा नमुनाही बदलला. एकट्या बिननांगरटीवर खापर फोडणं मला चुकीचं वाटतं.

माझं स्पष्ट मत, नांगर परत घालू नका. धुपीचं नुकसान पिढ्यान्‌पिढ्या भरून येत नाही. बदलायचं ते खत द्यायची जागा. पाभरीने किंवा खत पेरायच्या यंत्राने पाच-सात सेंटीमीटर खाली, बियाण्याच्या बाजूला द्या. खत वर फेकणं आणि बिननांगरट या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की त्रास होतो, एकेकट्याने इतका होत नाही. खत खाली गेलं की पाण्याचा त्याच्याशी संबंधच येत नाही, आणि पिकालाही ते जवळ मिळतं म्हणून कमी पुरतं.

निचरा नळ्यांचं लक्षात ठेवा. भारी काळ्या जमिनीत उन्हाने भेगा पडतात, गांडुळांची बिळं असतात, वरून पडलेलं पाणी त्या वाटेने थेट नळीत उतरतं आणि नळी थेट ओढ्यात. माती गाळून घेईल असं आपण धरून चालतो, तेवढा वेळच तिला मिळत नाही. म्हणून जमीन भेगाळलेली असताना शेणाचं पातळ खत किंवा स्लरी सोडणं सगळ्यात वाईट.

बांधावरून
ओढ्याकाठी गवताचा पट्टा ठेवा असं सगळीकडे सांगतात, त्यावर लिहायचं होतं. मी पाणलोटाच्या कामात पावसात प्रत्यक्ष फिरून हे पट्टे बघत आलोय. कागदावर पाणी पट्ट्यावरून पातळ पसरून जातं, गाळ खाली बसतो, स्वच्छ पाणी ओढ्यात. प्रत्यक्षात शेत कधी तितकं सपाट नसतं. पाणी आधी ट्रॅक्टरच्या चाकोरीत जमतं, मग शेताच्या एका कोपऱ्यात येतं, आणि तिथे गवत आडवं झोपवून हातभर रुंदीच्या एका वाटेने सरळ निघून जातं. बाकीचा सगळा लांबलचक पट्टा कोरडा! पाऊस उघडल्यावर जा आणि बघा, जिथे गवताच्या मुळाशी बारीक गाळाचा पंखा पसरलेला दिसतो तिथे पट्ट्याने काम केलं, जिथे गवताची पाती ओढ्याकडे तोंड करून चिखलाने माखलेली आहेत तिथून सगळं गेलं.

त्यामुळे पट्टा सगळीकडे सारख्या रुंदीचा ठेवण्यापेक्षा त्या एका-दोन ठिकाणी रुंद करा, वर शेतातच चाकोरी मोडा, पेरणी उताराला आडवी करा. बऱ्याच पाणलोटांत थोड्याशा क्षेत्रातून आणि वर्षातल्या मोजक्याच मोठ्या पावसांत बहुतेक स्फुरद जातो. ती जागा शोधली तर निम्मं काम झालं.

अजून एक, पट्ट्याने गाळ अडतो पण विरघळलेला स्फुरद फारसा अडत नाही, आणि बरीच वर्षं गाळ साठला की तो पट्टाच स्फुरद सोडायला लागू शकतो. गवत कापून उचलून बाहेर न्यायला हवं. नुसतं कापून तिथेच टाकलं तर त्यातला स्फुरद परत पाण्यातच.

गोठा
शेणखत-कोंबडीखताबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आम्ही सेंद्रियवाले समजतो की आपण या प्रश्नात नाही. पण पिकाला स्फुरदाच्या साधारण सात-आठपट नत्र लागतं आणि कोंबडीखतात नत्र असतं दोन-तीनपटच, त्यातलंही काही हवेत उडून जातं. म्हणजे नत्राची गरज खतातून पूर्ण करायला गेलं की स्फुरद गरजेच्या कितीतरी पट पडतो, दर वर्षी. जिथे जनावरं-कोंबड्या जास्त आणि जमीन कमी, तिथे हे साठतच जातं, कारण खत जड, लांब न्यायला परवडत नाही, मग जवळच्याच शेतात पुन्हा पुन्हा पडतं. हिशोब स्फुरदावर धरायला हवा आणि कमी पडणारं नत्र कडधान्याच्या फेरपालटीतून किंवा दुसरीकडून द्यायला हवं. मनाला पटवून घ्यायला जड जातं, पण खरं आहे.

निरीक्षक२
आणि समजा उद्या सगळ्यांनी सगळं नीट केलं तर ओढा किती दिवसात सुधारेल?

पाणवठा
दिवसात नाही, वर्षांत, कधी दशकांत. भरलेल्या जमिनीत स्फुरद देणं पूर्ण थांबवलं तरी पीक दर वर्षी हेक्टरी काही किलोच उचलतं, एक टन गव्हाच्या दाण्यात साधारण साडेतीन किलो. जमिनीत जादाचा शेकडो किलो साठलेला असेल तर हिशोब तुम्हीच करा. तळ्याच्या तळाशी बसलेला गाळ हा आणखी वेगळा प्रश्न, तिथे ऑक्सिजन संपला की लोहाने धरून ठेवलेला स्फुरद सुटून परत वर येतो. बाहेरून येणारा थांबला तरी तळं स्वतःच स्वतःला खत घालत राहतं.

म्हणून मला जिप्समचं (कॅल्शियम सल्फेट या खनिजाचं) काम आशादायक वाटतं. फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठाच्या लोकांनी शेतकऱ्यांना बरोबर घेऊन हेक्टरी ४ टन जिप्सम टाकून पाहिलं, चिकणकण एकमेकांना धरून राहतात आणि स्फुरदाची गळती बरीच घटते. परिणाम काही वर्षं टिकतो. पण जिथलं पाणी थेट तळ्यात जातं तिथे ते वापरत नाहीत, कारण त्यातलं सल्फेट तळाच्या गाळातून स्फुरद सोडवू शकतं. समुद्राकडे जाणाऱ्या पाणलोटात ठीक. एका जागेचा उपाय दुसरीकडे उचलून नेता येत नाही.

आणि हा खर्च एकट्या शेतकऱ्यावर टाकू नये असं माझं ठाम मत आहे. फायदा खालच्या सगळ्या गावा-शहरांना होणार असेल तर खत पेरायच्या यंत्राचे, पट्ट्याखाली गेलेल्या जमिनीचे पैसे सगळ्यांनी मिळून द्यायला हवेत.

तिफण
शेवटच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. आता मला एवढंच सांगा, पुढच्या हंगामाआधी माती तपासायची तर नमुना नेहमीसारखाच वीस सेंटीमीटर घ्यायचा की वेगळा?

काळी_माती
दोन थरांत घ्या. ०–५ वेगळा आणि ५–२० वेगळा, एकाच खड्ड्यातून, पण पिशव्या वेगळ्या. एकत्र मिसळला तर वरचा साठा सरासरीत लपून जातो, बिननांगरटीच्या शेतात तर वरच्या थरात दुप्पट-तिप्पट निघू शकतो. ज्या कोपऱ्यातून पाणी बाहेर पडतं तिथला नमुना बाकीच्या शेतात मिसळू नका, त्याचा वेगळाच काढा. जमीन चुनखडीची असेल तर प्रयोगशाळेला स्फुरद मोजायची ओल्सेन पद्धत सांगा, आम्लधर्मी असेल तर ब्रे. खत टाकल्यावर लगेच नमुना घेऊ नका. वरच्या थरात भरपूर निघाला तर पुढच्या हंगामात स्फुरद एकदम बंद करायची घाई न करता, बियाण्याजवळ थोडा पेरून एक पट्टी आणि अजिबात न देता एक पट्टी, अशा शेजारी शेजारी ठेवा आणि पिकालाच विचारा. आकडे आले की इथे टाका, मिळून बघू.